राजीनाम्याची सही थोडी थांबवा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : वय ५१. नाशिकजवळच्या एका लहान कारखान्यात १९ वर्षं पर्मनंट. आधी टर्नर (लेथवर धातूचे भाग घडवणारा), आता संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर. पगार साडेवीस हजार, त्यातल्या १५,००० वर फंड (पीएफ) कापला जातो. दोन वर्षांपूर्वी पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराचं निदान झालं. उजवा हात थरथरतो, जॉब (घडवायचा तुकडा) मशीनवर लावायला वेळ लागतो, बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर स्थिर धरता येत नाही. दिवाळीनंतर दोनदा माल रिजेक्ट झाला. मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "राजीनामा द्या, दीड लाख रुपये देतो, फंड तुमचा तुम्ही काढून घ्या." सोबतचे म्हणतात, पन्नाशीनंतर पेन्शन सुरू होतेच, मग अडलंय कुठे? अपंगत्वाची पेन्शन असते असंही कुणी तरी सांगितलं. पण ती अंथरुणाला खिळलेल्यांसाठी असते, आपण अजून स्कूटर चालवतो, तेव्हा ती मागणं म्हणजे खोटेपणा, असं त्यांना वाटतं. मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घराचे हप्ते चार वर्षं बाकी आहेत, पत्नी घरी शिवणकाम करते. राजीनाम्याची गोष्ट तिच्या कानावर घातलेली नाही. "मालकांनी मला इतकी वर्षं सांभाळलं. आता मीच अडून बसू का? सही करून मोकळा होऊ का?"

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सही करू नका. नोकरी कधीच सोडू नका, असं मी म्हणत नाही. थरथरत्या हातानं जॉब पकडून फिरणाऱ्या चकजवळ उभं राहणं धोक्याचं आहे, आणि ते मशीन तुम्हाला एक ना एक दिवस सोडावं लागणार, हे तुम्हीच पत्रात शांतपणे लिहिलं आहे. पण ते कोणत्या क्रमानं सोडायचं आणि कागदावर कोणतं कारण लिहून सोडायचं, यावर तुमच्या घराची पुढची कित्येक वर्षं अवलंबून आहेत. आज 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा' असं लिहून दिलंत, तर तुमच्या हक्काच्या दोन-तीन गोष्टी त्या एका ओळीनं जातील आणि त्या परत मिळवणं फार अवघड होऊन बसेल.

पत्र वाचताना एक जाणवलं. आजार झाला म्हणजे नोकरीचे दोनच रस्ते, काम करा नाही तर राजीनामा द्या, असं तुम्ही धरून चालला आहात. या दोन्हींच्या मधे बरीच जागा आहे आणि ती तुमच्याच पगारातून, तुमच्याच नावानं भरलेल्या पैशांवर उभी आहे. तिथून सुरुवात करू.

तुमचा पगार २१,००० च्या आत आहे. म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) नावाखाली दर महिन्याला दीडशेच्या आसपास रुपये कापले जात असणार. चिठ्ठी काढून आजच बघा. बहुतेक कामगारांना ईएसआय म्हणजे रांगेचा दवाखाना एवढंच ठाऊक असतं. तुम्हीही खासगी न्यूरॉलॉजिस्टकडे जाता, त्यामुळे ईएसआयकडे तुमच्या आजाराची नोंद नसेल, असा माझा अंदाज आहे. पण ईएसआयमध्ये आजारपणाच्या रजेचा पैसाही असतो. साध्या आजारात वर्षातले ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के दरानं तो मिळतो. आणि लांबणाऱ्या ३४ गंभीर आजारांची एक यादी आहे. त्यातला आजार असेल तर ते दिवस संपल्यावर पुढे ८० टक्के दरानं पैसे मिळतात. आधी १२४ दिवस, आणि वैद्यकीय मंडळानं शिफारस केली तर वाढवत जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. त्या यादीत पार्किन्सन्स आहे. किमान दोन वर्षं सलग नोकरी आणि नियमित वर्गणी ही अट तुम्ही केव्हाच पूर्ण केली आहे.

साडेवीस हजारांचे ८० टक्के म्हणजे महिन्याला सोळा हजारांच्या वर. आणि हे सगळं नोकरीत राहून. ज्या पेन्शनच्या भरवशावर तुम्ही सही करायला निघालात तिचा आकडा पुढे सांगते, म्हणजे फरक तुमच्या लक्षात येईल.

यासाठी ईएसआयच्या दवाखान्यात आपलं कार्ड घेऊन जा, न्यूरॉलॉजिस्टचे सगळे कागद दाखवा आणि तिथल्या तज्ज्ञाकडे पाठवण्याची विनंती करा. रजेचा दाखला ईएसआयच्याच डॉक्टरचा लागतो, खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर हे पैसे निघत नाहीत. दोन-चार खेपा होतील, वैताग येईल, पण तेवढं करा. आणखी एक. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ईएसआयची पगारमर्यादा २१,००० ऐवजी २५,००० आहे. म्हणून जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढायला आत्तापासून लागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्सचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्या कार्डानं तुमच्याविषयी कुणाचं मत बदलणार नाही, फक्त पगार थोडा वाढला म्हणून ईएसआयचं छत्र उडून जाणार नाही.

आता पेन्शन. फंडासाठी मालक भरतो त्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के, म्हणजे १५,००० वर महिन्याला १,२५० रुपये, तुमच्या नावानं १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत जातात. गेल्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, असं तिचं गणित आहे. त्यात एक मेख अशी, की १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या नोकरीला कमाल ६,५०० रुपये पगार धरतात आणि नंतरच्या नोकरीला कमाल १५,०००. तुमची आधीची आठ वर्षं आणि नंतरची अकरा धरली, तर पहिल्या भागाचे ७४३ आणि दुसऱ्याचे २,३५७, मिळून ३,१०० रुपये होतात. पाच वर्षांत फंडाचा पगार कधी १५,००० च्या खाली असेल तर थोडे कमी.

तुमचे सोबती म्हणतात ती पन्नाशीनंतरची पेन्शन म्हणजे मुदतपूर्व पेन्शन. दहा वर्षं नोकरी झालेल्याला ती मिळते हे खरं, पण पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी असते, आणि ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या प्रत्येक वर्षामागे चार टक्के कापून. तुमची सात वर्षं कमी पडतात. म्हणजे ३,१०० चे सव्वादोन हजारांच्या आसपास उरतात, आणि ही कपात जन्मभराची असते. ५८ पूर्ण झाले म्हणून ती रक्कम वर येत नाही. तुमच्या पश्चात पत्नीला तुमच्या पेन्शनच्या निम्मी मिळते. (किमान पेन्शन महिना १,००० आहे, त्याखाली ती जात नाही.) म्हणजे तुमची कपात तिच्याही वाट्याला येते.

याच योजनेत कायम आणि पूर्ण अपंगत्वाची पेन्शन आहे. तिला पन्नाशीची अट नाही, दहा वर्षांची अट नाही आणि वर्षामागे चार टक्क्यांची कपातही नाही. एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. ही पेन्शन अपंगत्व आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते आणि हयातभर चालते. पण ते अपंगत्व नोकरीत असताना आलेलं असावं लागतं. राजीनामा देऊन बाहेर पडलेला माणूस चार महिन्यांनी 'मला आजारामुळे काम झेपत नव्हतं' म्हणून गेला, तर त्याच्याच सहीचा कागद त्याच्या विरुद्ध बोलतो. म्हणून सही थांबवा म्हणते.

आणि तुमच्या मनाला लागलेल्या खोटेपणाबद्दल. अंथरुणाला खिळल्याशिवाय ही पेन्शन मागायची नाही, हे तुम्ही कुठून ऐकलंत मला माहीत नाही, पण नियम तसं म्हणत नाही. वैद्यकीय मंडळानं बघायचं असतं ते इतकंच, की अपंगत्व आलं तेव्हा हा माणूस जे काम करत होता, त्या कामासाठी तो आता कायमचा आणि पूर्णपणे अपात्र झाला आहे का. तुमचं काम टर्नरचं, सीएनसीचं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक बोटांनी ओळखायचं. ते तुमच्या हातून आता होत नाही. तुम्ही बाजारात चालत जाता, पोळी तोडून खाता, नातेवाइकांच्या लग्नाला जाता, याचा त्या प्रश्नाशी संबंध नाही. यात लपवण्यासारखं काही नाही. उलट खरं कारण झाकून 'वैयक्तिक कारण' लिहिणं, हेच खऱ्याला सोडून आहे. (स्कूटरबद्दल मात्र तुमच्या न्यूरॉलॉजिस्टला विचारा, आणि पुढच्याच भेटीत विचारा.)

मंडळ 'नाही' म्हणू शकतं, हेही सांगायला हवं. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, औषधानं हात बऱ्यापैकी आवरत असेल, तर 'कायम आणि पूर्ण' हे शब्द लिहायला डॉक्टर कचरतात. त्यामुळे नुसतं 'पार्किन्सन्स आहे' असं प्रमाणपत्र फारसं कामाचं नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना तुमचं काम नेमकं काय असतं ते एका कागदावर लिहून न्या : किती वजनाचा जॉब उचलावा लागतो, किती बारीक माप घ्यावं लागतं, शिफ्ट किती तासांची, किती वेळ उभं राहावं लागतं, गोळीचा असर उतरल्यावर काय होतं. यातलं काय होतं, काय होत नाही आणि पुढे सुधारण्याची शक्यता किती, हे त्यांना त्यांच्या शब्दांत लिहायला सांगा. रिजेक्ट झालेल्या मालाच्या नोंदींची तुम्हाला लाज वाटते असं पत्रातून दिसतं. त्याच नोंदी इथे तुमच्या बाजूनं बोलतील. दोन वर्षांतले केसपेपर, गोळ्यांचे वाढत गेलेले डोस, सगळं तारखेप्रमाणे एका फाईलला लावा.

आता मालक. तुम्ही त्यांच्याबद्दल इतकं मायेनं लिहिलं आहे, की मलाही त्यांच्या हेतूवर शंका घ्यावीशी वाटत नाही. पण दीड लाखांचा हिशेब करून बघा. १५,००० वर १९ वर्षांची ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मालकानं द्यायची एकरकमी रक्कम), दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, सुमारे १ लाख ६४ हजार होते. कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असली तर ही रक्कम कायद्यानं देणं आहे, तीही ३० दिवसांत. म्हणजे जी मदत म्हणून तुमच्यापुढे ठेवली आहे ती तुमच्या हक्कापेक्षा कमी आहे. कदाचित त्यांनाही हे नीट माहीत नसेल. कदाचित दीड लाख हे ग्रॅच्युइटीच्या वर देणार असतील. मग प्रश्न एकच विचारायचा, आणि तो विचारण्यात कृतघ्नपणा नाही : "साहेब, हे दीड लाख ग्रॅच्युइटी धरून की सोडून?" वाचणाऱ्या तरुण मंडळींनीही लक्षात ठेवावं, पर्मनंट कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी एरवी पाच वर्षांची अट असते, पण मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ती अट लागत नाही.

त्यांनी सांभाळलं, हे खरं असेल. तुम्हीही एकोणीस वर्षं त्यांचं मशीन सांभाळलंत. हिशेब खरा लिहून घेतला म्हणून ते नातं तुटत नाही.

कारखान्यातच दुसरं काम मिळू शकेल का, हे तुम्ही विचारलेलंच नाही आणि त्याचं मला वाईट वाटलं. टूल स्टोअर, जावक मालाच्या नोंदी, नव्या मुलांना सेटिंग आणि प्रोग्रॅम शिकवणं, यातलं काही वर्ष-दोन वर्षं जमण्यासारखं असेल. खासगी मालकावर तशी सक्ती नाही, पण विचारायला हरकत काय? फक्त एक सावधगिरी घ्या. हलकं काम स्वीकारलंत आणि त्यात बराच काळ गेला, तर पुढे मंडळापुढे 'जे काम करत होता' ते हलकंच काम ठरेल. म्हणून बदली झाली तर ती आजारामुळे झाली, असं पत्र कंपनीकडून घ्या. पगार कमी होणार असेल तर पेन्शनची सरासरीही उतरेल, तेही मोजा.

सरकारी खात्यात, महापालिकेत, एसटीत असलेल्या वाचकांनी इथे थांबून वाचावं, कारण तुमचा रस्ता वेगळा आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून तुम्हाला कामावरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम २० सांगतं, की त्याच वेतनश्रेणीत झेपेल असं पद द्यायचं, आणि तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य (खास निर्माण केलेल्या जादा) पदावर ठेवायचं. ड्रायव्हरची नजर गेली, लाइनमनचा पाय गेला, म्हणून कुणी रुग्णता निवृत्तीचा कागद पुढे केला, तर आधी या कलमाचा अर्ज द्या. निवृत्ती नंतरही घेता येते.

पुन्हा तुमच्याकडे येते. समजा ईएसआयची रजा घेऊन झाली, हाताला उतार नाही आणि मशीन सोडायची वेळ आली. तेव्हा अर्जात राजीनामा हा शब्द न घालता असं लिहा : "पार्किन्सन्स या आजारामुळे मी माझं नेमून दिलेलं काम करण्यास कायमचा असमर्थ झालो आहे, सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलं आहे, त्या कारणास्तव मला सेवामुक्त करावं." त्यानंतरची जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फंडाच्या पोर्टलवर कंपनी तुमची नोकरी संपल्याची तारीख टाकते, तेव्हा कारणही निवडते. तिथे कायम अपंगत्वाचा पर्याय आहे. कारकून सवयीनं 'नोकरी सोडली' हाच पर्याय निवडतो आणि मग तुमचा अर्ज अडकतो. दुरुस्तीसाठी पुन्हा कंपनीच्या दारात जावं लागतं. तारीख टाकली जाईल त्या दिवशी शक्य असेल तर शेजारी बसा. पेन्शनचा अर्ज दहा डी नमुन्यात करायचा. त्यातही पेन्शनचा प्रकार अपंगत्वाची असाच भरायचा, मुदतपूर्व पेन्शनवर खूण करायची नाही.

मुदतपूर्व पेन्शन वाईटच असते असं मात्र समजू नका. मंडळानं नाकारलं, तर ती तुमच्यासाठी उरतेच. आत्ता सव्वादोन हजार घ्यावेत की ५८ पर्यंत थांबून ३,१०० घ्यावेत, असा प्रश्न आला, तर औषधाचा खर्च रोजचा असलेल्या माणसानं आत्ता घेण्यात चूक नाही. सात वर्षांचे सोडून दिलेले पैसे भरून यायला अठरा वर्षं लागतात. फक्त तो शेवटचा पर्याय असू द्या.

फंडाबद्दल दोनच गोष्टी सांगते. आजारामुळे काम सुटलं तर सगळा फंड काढण्यासाठी इतरांसारखं थांबावं लागत नाही. पण सगळा काढलाच पाहिजे असंही नाही. ५१ व्या वर्षी नोकरी संपली तरी शिल्लक तिथे राहू शकते आणि तिच्यावर व्याज चालू राहतं. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. हप्त्यांचा जोर हलका करण्यापुरते काढा, उरलेले राहू द्या. एकरकमी पैसा घरात आला की मागणारे वाढतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. दहा वर्षांच्या वर नोकरी झालेल्याला पेन्शनचा पैसा एकरकमी काढता येत नाही. कुणी एजंट "पेन्शनचेही काढून देतो" म्हणाला, तर त्याच्याकडे आधारचा ओटीपी जाऊ देऊ नका. आधी दुसऱ्या कारखान्यात काम केलं असेल आणि तिथे फंड कापला जात असेल, तर तो जुना नंबर शोधून जोडून घ्या. ती वर्षं पेन्शनच्या गणितात येतात.

नोकरीत असेपर्यंत फंडाबरोबर विमाही असतो. नोकरीत असताना मृत्यू आला तर वारसाला सात लाखांपर्यंत मिळतात. नोकरी सोडल्यावर ते संरक्षण राहत नाही. ईएसआयचे उपचार मात्र, किमान पाच वर्षं विमाधारक राहून मुदतीआधी निवृत्ती घेणाऱ्याला, वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी पुढे चालू ठेवता येतात. सेवामुक्तीच्या पत्रात राजीनाम्याऐवजी निवृत्तीचं कारण स्वच्छ असावं, याचं हे आणखी एक कारण.

पत्नीला अजून सांगितलं नाहीत, ते मला समजतं. तिच्या मशीनच्या आवाजावर घर चाललेलं असताना हे कसं बोलायचं, असं वाटलं असेल. पण तिच्याशिवाय यातली निम्मी कामं होणार नाहीत. पेन्शनच्या अर्जावर दोघांचा एकत्र फोटो लागतो. वारस म्हणून तिचं नाव लागतं. आणि आपल्याकडे आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, फंडात तिसरंच, हा घोळ घरोघरी आहे. हे जुळवायलाच महिना जातो. मुलीलाही सोबत घ्या. डिप्लोमाच्या मुलीला पोर्टल कळतं, आणि वडिलांचं काय चाललंय हे तिला अर्धवट कळलेलं असणारच. तुम्ही दोघींपासून लपवून जो निर्णय घ्याल तो भीतीनं घेतलेला असेल. त्यांच्यासोबत बसून घेतलात तर त्यात हिशेबही असेल.

सोमवारी मालकांना भेटाल तेव्हा फार बोलायची गरज नाही. "साहेब, मला अडून बसायचं नाही. आजार खरा आहे, तो कागदावर खराच लिहू. मी ईएसआयकडे जातोय, रजेचा दाखला आणून देतो. त्यातून बरं वाटलं तर परत येईन, नाही तर अपंगत्वाच्या कारणानं मला मोकळं करा आणि पोर्टलवर तेच कारण टाका. यात तुम्हाला खिशातून जादा काही द्यावं लागत नाही." ही शेवटची ओळ नक्की बोला. ईएसआयची रजा असो की अपंगत्वाची पेन्शन, पैसा त्या त्या निधीतून येतो, मालकाकडून नाही. हे कळलं की बऱ्याच मालकांचा सूर बदलतो. तरीही त्यांनी त्याच दिवशी सहीचा आग्रह धरला, तर कागद घरी वाचायला मागा, त्याचा फोटो काढा आणि जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात किंवा कामगार संघटनेच्या जाणत्या माणसाला दाखवा. तोवर सही करू नका.